सभेतली खाती बंद करताना

ज्याच्या दरबारी कुणाचेच नाव खोडले जात नाही, त्या विश्वंभराला प्रथम वंदन.

आमची जळगावची बियाण्यांची पेढी. शाखा धुळे, चाळीसगाव आणि दोंडाईचा. दर गुरुवारी दहा वाजता सर्वांची सभा कॉम्प्युटरवर भरते. आत येण्यासाठी प्रत्येकाला खाते लागते. ती उघडण्याचे व बंद करण्याचे काम शेठजींनी मला सोपवले. "आबा, पूजेला बसता तसे याला बसा. चूक होणार नाही!" चुका इतक्या झाल्या, की किश्श्यांची पोथी व्हावी!

धुळ्याच्या लीलाअक्का लेकीच्या लग्नासाठी सुटीवर गेल्या. मला वाटले, रजेवरच्या माणसाचे खाते बंद ठेवावे. ठेवले. दुसऱ्याच दिवशी मांडवातून फोन आला, "आबा, मी सुटीवर शे, मरेल नही शे!"

मग मी नियमच केला: जो महिनाभर सभेला येणार नाही, त्याचेच खाते बंद. नियम सर्वांना सारखा! पाच आठवड्यांनी शेठजींचा फोन आला, "आबा, चारधाम करून पुण्य मिळवले, आणि इकडे पेढीच गेली! मला आत घेईना!"

पुढे दोंडाईचाचे गोदाम सांभाळणारे सलीमभाई निवृत्त झाले. त्यांचे खाते बंद करू लागलो, तर पडद्यावर प्रश्न आला: यांच्या ठरलेल्या सभा कोणाकडे द्यायच्या? सभा एकच होती. दर गुरुवारी पावणेदहाला, चाळीसगावच्या भिकानानांबरोबर. दोघांचीच!

मी सलीमभाईंना विचारले.

"आबा, नानांना अक्षर दिसत नाही. शेठजींना कळलं तर घरी बसवतील. त्यांच्या निवृत्तीला दोनच महिने राहिलेत. मी परिपत्रक वाचतो, ते पाठ करतात."

"आणि काम?"

"दाणा बोटांत धरला की वाण सांगतात! कागद तेवढा अडतो."

शेठजींना सांगणे माझे कर्तव्य होते. देवापुढे बसलो. निरांजन शांत झाले. उठलो, आणि पडद्यावरच्या त्या रिकाम्या चौकटीत माझे नाव घातले.

गुरुवारी पावणेदहाला नाना आले. "हां, सलीमभाई, वाचा."

त्यांना संकोच नको, म्हणून मी आवाज जमेल तेवढा जाड केला आणि परिपत्रक शेवटपर्यंत वाचले. नाना म्हणाले,

"आबा, आरतीसारखी घाई नका करू. दुसरा परिच्छेद परत!"

ऐकणाऱ्या प्रत्येकाचे आणि त्याच्या घरादाराचे कल्याण होवो. ज्याला जे वाचता येत नाही, ते वाचून दाखवणारे माणूस त्याला भेटो.