हवाबंद हॉल आणि आमच्या चपला

रियाधजवळच्या आमच्या कॅम्पात दोन हॉल होते. गालिच्याचा गोऱ्या साहेबांचा, पत्र्याचा आमचा. चहा मात्र दोन्हीकडे एकाच पातेल्यातून जायचा. मेसचा इनचार्ज मीच होतो. कुवेतवरून लढाईची चिन्हं दिसू लागली, तेव्हा मॅनेजरने विषारी वायूच्या भीतीने गालिच्याचा हॉल चिकटपट्ट्या लावून हवाबंद करून घेतला. पट्ट्या लावल्या आमच्या रत्नागिरीच्या सुतारांनी. सायरन वाजला की आत कोणी जायचं, त्या यादीत फक्त अमेरिकन होते, सुतार नव्हते.

आमचा एक फोरमन टेक्सासचा. आईबाप मेक्सिकन, पासपोर्ट अमेरिकन, रंग थेट राजापूरचा. दारावरचा पहारेकरी त्याला रोज आमच्या हॉलकडे पिटाळायचा आणि तो खो खो हसत पासपोर्ट दाखवायचा. आम्ही त्याला भाई म्हणायचो. मी सायरनचं काढलं, तेव्हा मात्र तो हसला नाही. त्याच्या लहानपणी गावातल्या एका हॉटेलावर मेक्सिकनांना मज्जाव अशी पाटीच होती म्हणे. मग एका रविवारी चर्च सुटल्यावर सगळी आळी म्हाताऱ्या-पोरांसकट आत जाऊन बसली आणि कॉफी मागत राहिली.

"भांडायचं नाही," तो म्हणाला. "लग्नाला गेल्यासारखं जायचं."

आमच्या लोकांना एवढं सांगायचीच खोटी. शुक्रवारी दुपारी सरावाचा सायरन होता. जुम्म्याची नमाज आटोपून सगळे इस्त्रीचे कपडे, अत्तर लावून तयार. मी लावून दिलेल्या रांगा सायरन वाजताच कुठल्या कुठे गेल्या. पुढे भाई, मागे अख्खं कोकण. यातले अमेरिकन कोण, असं पहारेकऱ्याने विचारलं. भाईने खुशाल सगळ्यांकडे हात केला.

आत शिरलो, पण दार लागेना. गालिचा दिसल्याबरोबर प्रत्येकाने सवयीने उंबऱ्यातच चपला काढल्या होत्या. हा ढीग. मॅनेजर गॅसच्या मुखवट्यातून काहीतरी ओरडत होता, ते कोणालाच कळेना. शेवटी तो स्वतः गुडघ्यांवर बसून चपला आत भिरकावू लागला. आमचे लोक त्या झेलत ओरडत होते, "ही कोणाची रे?" रायगडचे एक मामू त्यालाच बजावत होते, "साहेब, जरा बेतानं. नवी आहे."

दार लागलं. आता आम्हाला हाकलणार, असं मला वाटलं. मॅनेजरने मुखवटा काढून घाम पुसला. हसू त्यालाही आवरत नव्हतं.

"पुढच्या वेळी," तो म्हणाला, "चपला घालूनच आत या."

मी ते मराठीत सांगितलं, तेव्हा जो गलका झाला, त्यात सायरन थांबल्याचं कोणाला कळलंच नाही.