फ्रेमची उघडी पाठ

"भिंत कोणती?"

तसबीर मागितली की चाचांचा पहिला प्रश्न हाच. देव नंतर, माप त्याच्याही नंतर. औरंगपुऱ्यात फ्रेमा करून देणारे तुम्ही पुष्कळ पाहिले असतील, पण गिऱ्हाइकाला आधी भिंत विचारणारा मी तरी हा एकच पाहिला. दारासमोरची, चुलीजवळची, जी सांगाल ती ते कानावरची पेन्सिल काढून फ्रेमच्या मागं लिहीत. उर्दूत.

मी सावंतवाडीकडचा. सातवीतून शाळा सोडलेली, चितेगावला कंपनीत कामाला. लग्नानंतर चार महिन्यांनी बायकोला माझ्या पत्र्याच्या खोलीवर आणलं आणि आठ दिवसांत ती गावच्या गाडीची वेळ विचारू लागली. तिच्या माहेरी दारासमोर संताची तसबीर आहे. हातात बाळ, पांढरी फुलं. बाहेर पडताना ती तिला बोटं लावून कपाळाला न्यायची. इथं बोटं लावायला नुसती भिंत. मला वाटलं, तसबीर आणली तर राहील. आणि तरी नाही राहिली तर? हा प्रश्न घेऊनच मी दुकानात शिरलो.

भिंत दारासमोरची आणि संत बाळवाला, एवढं मी सांगितलं. चाचांनी खालचा खण ओढला. "बाळवाले दोन हायत. एक दाढीवाला, एक बिनदाढीचा. नाव खाली लिहिलंय, बघा."

नाव इंग्रजीत होतं. मला वाचता येईना, आणि तसं सांगायची लाज वाटली. संत म्हटल्यावर दाढी असणारच, असा हिशेब करून मी म्हणालो, "दाढीवाला."

"नक्की ना?"

"नक्की."

काच बसली, पुठ्ठा बसला, चार खिळे वाकले. मागचा खाकी कागद मात्र चाचांनी चिकटवला नाही. कुणाच्याच फ्रेमला लगेच चिकटवत नसत. "आठ दिवस भिंतीवर राहू द्या. घराला पटलं तर या, पाठ बंद करून देतो. लई घाई करू नाय."

बायकोनं वर्तमानपत्र सोडलं आणि बघत राहिली. "ह्यो सां जुझे, येशूचो बापूस. आमचो सांत अंतोन. तेका दाढी नाय." मग भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "आमच्या घराक इतक्यांदा इलात, येकदा पण नीट बघूक नाय?"

ते फार लागलं. कारण खरंच बघितलं नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी फ्रेम बगलेत मारून परत गेलो. मला बघताच चाचा म्हणाले, "काय हो कोकणवाले, घराला दाढी नाय पटली?"

मी खरं ते सांगून टाकलं. "चाचा, मला ते खालचं वाचता येत नव्हतं."

"मग मला तरी कुठं येतंय?" ते हसले. "म्हणून तर तुम्हाला बघा म्हणलो! बोलला असता तर दोघांनी मिळून शोधला असता."

खिळे सरळ करून त्यांनी जुझेला बाहेर काढलं. "हे बाबा काम काय करायचे?"

"सुतार होते, बायको म्हणाली."

चाचांचा हात थांबला. "अरे, म्हंजे आमच्याच धंद्यातले! त्यांना परत खणात नाय कोंबायचं." त्यांनी अंतोनला पुढं लावलं आणि जुझेला त्याच्या पाठीशी. "राहू द्या मागं. आधाराला बरे."

घरी खिळा ठोकला. बायकोनं काचेला बोटं लावली, कपाळाला नेली आणि चहा टाकला. गाडीची वेळ तिनं पुन्हा विचारली नाही.

आठ दिवसांनी पाठ बंद करायला जायचं होतं. ओव्हरटाइम लागला, मग ती आजारी पडली, मग दिवाळी आली. शेवटी नाताळात तिनं नेवऱ्या केल्या, आमच्याकडच्या करंज्या. "चाचांका मी स्वतः देतलंय," म्हणाली. डबा घेऊन दोघं गेलो. शटर खाली होतं. शेजारचा बांगडीवाला म्हणाला, "चाचा तो गुजर गये. महिना झाला."

नेवऱ्या त्यालाच दिल्या. त्यानं डबा दोन्ही हातांनी घेतला.

परवा आम्ही खोली बदलली. सामान लावताना बायकोनं फ्रेम उलटी केली. चार वाकवलेले खिळे, खाली जुझेच्या कागदाची कड, आणि पुठ्ठ्यावर पेन्सिलीच्या चार रेघोट्या. "चिकटपट्टी लावूया काय?" म्हणाली.

"नको. राहू दे उघडी."

"आणि ह्या काय लिवलेला आसा?"

उर्दू मला येत नाही.

"दारासमोर," मी वाचून दाखवलं.

तिनं हातोडी माझ्या हातात दिली.