उलट्या आट्याचं ड्रिल मशीन

जुनं लोखंड घासायला बसलं की गंज किती निघेल याचा अंदाज येतो, किस्से किती निघतील याचा येत नाही! सुधाकर कांबळेच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही उन्हाळ्यात एक जुनं ड्रिल मशीन खोललं, ते दसऱ्याला चालू झालं. तेव्हापासून मी जिथं जाईन तिथं त्याचंच सांगत सुटतो. शेवटी बायको म्हणाली, "लिहून काढा एकदाचं, म्हणजे जेवताना तरी गप्प बसाल!"

मंडळी चारच. सुधाकर कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत इंजिनिअर आहे, कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मोठमोठ्या मशीनचा. जोशीसर हायस्कूलमधून रिटायर झालेले विज्ञानाचे शिक्षक. मी बँकेतला, त्यामुळे माझ्याकडे बॅटरी धरायचं खातं. आणि चौथे सुधाकरचे वडील, आप्पा. वय एकोणऐंशी. चौतीस वर्षं एका कारखान्यात ड्रिल मशीनपुढं उभे होते. आता ते खुर्चीत बसून आमच्याकडे नुसतं बघायचे, आणि त्या बघण्याचीच आम्हाला धास्ती.

कारण आप्पांनी आपल्या पोराला आजवर 'बरं केलंस' म्हटलेलं नाही. सुधाकर डिस्टिंक्शनमध्ये इंजिनिअर झाला तेव्हा पेढा तोंडात टाकून म्हणाले, "आता काम कवा शिकणार?" नोकरी लागल्यावर त्यानं हौसेनं कंपनी दाखवायला नेलं, तर सगळं फिरून बघितलं आणि म्हणाले, "बटण दाबायचा पगार देत्यात व्हय रं तुला?"

एकदा पन्हाळ्यावर कणीस खाता खाता सुधाकर मला म्हणाला, "पन्नाशी आली गड्या. एकदा तरी म्हाताऱ्याच्या तोंडनं ऐकायचंय." त्याच आठवड्यात त्याला भंगारवाल्याकडं आप्पा चालवायचे तसलंच मशीन दिसलं. ते त्यानं उचललं ते एवढ्यासाठीच.

* * *

मशीन टेम्पोतून आलं. पुरुषभर उंच, वर पट्ट्याच्या पुल्या, अंगावर ताडपत्री. उतरवायला सहा जण लागले. गल्लीतल्या एकानं विचारलं, "काय पावणं, गिरणी आणलासा काय?" टेम्पोवाला घाईत होता. तो "व्हय व्हय" म्हणाला आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता वैशालीवहिनींनी, म्हणजे सुधाकरच्या बायकोनं, दार उघडलं, तर पायरीवर तीन बायका डबे घेऊन उभ्या! दोन गव्हाचे, एक ज्वारीचा.

वहिनींनी समजावून सांगितलं, की ही गिरणी नाही, भोकं पाडायचं मशीन आहे. दोघी गेल्या. तिसरी ज्वारीवाली जागची हलेना. म्हणाली, "असू दे की. चालू झालं की सांगा, डबा ठेवून जातो."

डबा चार दिवस तिथंच होता!

* * *

मशीन खोलण्याआधी सुधाकरनं त्याचा सगळा आराखडा लॅपटॉपवर तयार केला. प्रत्येक भाग वेगळ्या रंगात. माऊस फिरवला की आख्खं मशीन गोल फिरायचं, टिचकी मारली की एकेक भाग सुटून बाजूला जायचा. जोशीसर हरखून गेले. मीही बॅटरी विझवून बघत बसलो. यात तीन रविवार गेले.

चौथ्या रविवारी सुधाकरनं लॅपटॉप आप्पांच्या मांडीवर ठेवला. "बघा आप्पा, आख्खं मशीन!"

आप्पांनी चष्मा पुसला, स्क्रीनकडं बघितलं, मग शेडकडं बघितलं. म्हणाले, "मशीन भाईर हाय की रं!"

त्या दिवशी आम्ही पहिल्यांदा पाना हातात घेतला.

* * *

आणि हातात घेतला तो तीन आठवडे खाली ठेवला नाही. वरच्या पुलीचा नट काही सुटेना!

डिझेल ओतून झालं. रॉकेल ओतून झालं. जोशीसरांनी उष्णतेनं धातू प्रसरण पावतो हा धडा घेतला आणि स्टोव्ह पेटवून नट तापवला. पान्याला हातभर पाइप लावून आम्ही तिघं एकदम लोंबकळलो. पाइप वाकला. सुधाकरची पाठ धरली. नट होता तिथंच. सर म्हणाले, "गगनबावड्याच्या पावसात उभं केलं होतं की काय हे मशीन!"

चौथ्या आठवड्यात आप्पा खुर्चीतून उठले. आम्ही बाजूला झालो. त्यांनी लाकडी हातोड्यानं नटाला दोन टिचक्या मारल्या, पाना लावला आणि उलटीकडं ओढला. नट सुटला!

"उलट्या आट्याचा हाय," आप्पा म्हणाले. म्हणजे इतर नट जिकडं फिरवून सुटतात, त्याच्या विरुद्ध दिशेनं सुटणारा. एक इंजिनिअर, एक विज्ञान शिक्षक आणि एक बँकवाला, तीन आठवडे सगळा जोर लावून तो नट आवळत होतो!

सुधाकरला रडू फुटायचं बाकी होतं. "आप्पा, तुम्हाला पहिल्यापासनं ठावं होतं?"

"व्हय की."

"मग बोलला का न्हाईसा?"

"इचारलं कुणी?"

* * *

नवं बेअरिंग दांड्यावर बसवायचं तर ते आधी गरम तेलात फुगवावं लागतं. शेडमध्ये स्टोव्ह होता, पण कढई नव्हती. वहिनी माहेरी गेल्यात बघून सुधाकरनं स्वयंपाकघरात कढई चढवली, तेल ओतलं आणि दोन बेअरिंगं अलगद सोडली.

एवढ्यात जोशीसर आले. सर भुकेचे कच्चे. आत डोकावले, कढईत दोन गोल गोल, मधे भोक असलेल्या वस्तू बघितल्या आणि म्हणाले, "सुधाकर, आच वाढव. अजून रंग आला नाही वड्यांना!"

बेअरिंगं छान बसली. कढई मात्र वहिनींनी परत आल्याबरोबर वासावरनं ओळखली. बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका आहेत, आवाज चढवत नाहीत. त्यांनी कढई उचलून शेडमध्ये नेऊन ठेवली आणि म्हणाल्या, "ही आता तुमची. उद्यापासून भाजी पण हितंच करा."

दोन रविवार आम्ही खरंच तिथं पिठलं केलं. आप्पा जेवले. एवढंच म्हणाले, "मीठ कमी हाय." सुधाकरला हेही कौतुकच वाटलं असतं, पण पिठलं मी केलं होतं.

* * *

सगळं जोडून झालं आणि पट्टा चढला, तो दिवस नेमका खंडेनवमीचा! त्या दिवशी हत्यारांची, मशीनची पूजा. चालवायचं काही नाही. जोशीसर झेंडूचा हार आणि कुंकू घेऊनच आले होते.

सुधाकरचा हात बटणावर. एवढे महिने थांबलेला माणूस. तो आप्पांना म्हणाला, "आपण बौद्ध. आपल्यात ह्यो नेम न्हाय. चालू करू काय?"

जोशीसरांचा चेहरा पडला. आम्ही सगळे आप्पांकडं बघायला लागलो.

आप्पा म्हणाले, "चौतीस वर्षं ह्या दिवशी मशीन बंद ठिवलंय मी. पूजा मालकाची, सुट्टी आमची! त्यालाबी घेऊ दे की एक दिवस." मग सरांना म्हणाले, "घाला हार, गुरुजी. तवर मी तेल घालतो."

सरांनी वर हार घातला, आप्पांनी खाली तेल घातलं. मला ते दोघं त्या क्षणी फार आवडले, हे सांगून टाकतो.

* * *

दसऱ्याला सकाळी कांबळे मंडळी विहारात वंदनेला गेली होती. ती पांढऱ्या शुभ्र कपड्यांतच परत आली. मी आणि जोशीसर सोनं घेऊन शेडच्या दारात हजर. जयभीम, नमस्कार झाले. वहिनींनी आप्पांना बजावलं, "आप्पा, आजच घडी मोडलीय. लांबनंच बघायचं!"

मशीनचं टेबल, म्हणजे भोक पाडायच्या वेळी काम ठेवायचा खालचा लोखंडी पाट, आरशासारखं लखलखत होतं. आणलं तेव्हा त्यात अकरा खड्डे होते. प्रत्येक जुन्या मशीनला असतातच. नवीन माणूस पहिल्यांदा मशीनवर उभा राहतो, पत्र्याखाली फळी ठेवायची विसरतो आणि ड्रिल पत्रा ओलांडून टेबलात घुसतं. ते अकराही सुधाकरनं लांबी, म्हणजे खड्डे बुजवायचा लगदा, भरून, घासून, दोन रविवार मोडून बुजवले होते.

बटण दाबलं. मशीन नुसतं घुमायला लागलं, खडखड नाही, थरथर नाही. आप्पा पुढं आले. खिशातून रुपया काढला आणि फिरत्या मशीनच्या टेबलावर कडेवर उभा केला. रुपया हलला नाही! आम्ही टाळ्या वाजवल्या.

सुधाकर वडिलांच्या तोंडाकडं बघत राहिला. आप्पांनी रुपया उचलला, खिशात टाकला आणि मागं जाऊन उभे राहिले.

सुधाकरनं घाईघाईनं एक पत्रा घेतला, खूण केली आणि हँडल खाली ओढलं. ड्रिल पत्र्यात शिरलं. लोखंडाचा कीस गोल गोल वर यायला लागला. त्यानं मान वळवून पुन्हा आप्पांकडं बघितलं.

आवाज बदलला. आप्पा ओरडले, "सुध्या, हात!"

सुधाकरनं हँडल सोडलं, मशीन बंद केलं, पत्रा उचलला. लखलखीत टेबलाच्या मधोमध एक ताजा खड्डा.

मी सवयीनं बॅटरी लावली, ती वहिनींनी विझवली. सुधाकर मान खाली घालून उभा. जोशीसरांनी हळूच लांबीचा डबा काढला आणि झाकण उघडायला लागले.

आप्पा टेबलाशी आले. फुंकर मारून कीस उडवला, तेलकट चुरा सगळा पांढऱ्या सदऱ्यावर बसला. त्यांनी करंगळीचं टोक खड्ड्यात घालून फिरवलं, आणि हसायला लागले. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले आणि सरांच्या हातावर हात ठेवला.

"ठिवा त्यो डबा, गुरुजी. ह्यो बुजवायचा न्हाय. माझ्या पोराचा हाय ह्यो."