आंब्यावरच्या झिपऱ्या

माझी धाकटी बहीण दिवाळीनंतर डेंग्यूने गेली. दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवले. कावळे समोरच्या बाभळीवर बसून राहिले. गेलेल्या माणसाची इच्छा अडकली असेल तर कावळा शिवत नाही, असं आमच्याकडे मानतात. मग घरच्यांनी एकेक करून पुढे व्हायचं आणि कबूल करायचं. वडील म्हणाले, "तुझी स्कूटी इकणार न्हाई." मी म्हणालो, आईवडिलांकडे बघेन. ऊन वर आलं. शेवटी आई उठली.

"तुझ्या त्या झिपऱ्या मी सांभाळते गं. जा आता."

एक कावळा उतरला आणि त्याने भात उचलला.

झिपऱ्या म्हणजे स्पॅनिश मॉस. बहीण पौड रस्त्यावरच्या एका नर्सरीत कामाला होती. तिथून एक झुपका आणून तिने कासार आंबोलीच्या आमच्या घरासमोरच्या आंब्यावर टाकला होता. त्याला माती लागत नाही, मुळंही नसतात. हवेतल्या ओलाव्यावर ते वाढतं. कोरडं असलं की राखाडी, भिजलं की हिरवट. बहीण गेली तेव्हा ते माणसाच्या उंचीएवढं लोंबत होतं. शेजारची म्हातारी विचारायची, "कुनाचं गं केस टांगल्यात?" बहीण सांगायची, "तुमचंच, आजी. धुऊन वाळत घातल्यात." ती गेल्यावर म्हातारी दुसऱ्या वाटेने जाऊ लागली.

आई रोज सकाळी मॉसवर पाणी फवारायची. उन्हाळ्यात कावळ्यांची घरटी सुरू झाली आणि एक कावळा मॉसचे धागे ओढून नेऊ लागला. आईने काठी उचलली. वडिलांनी ती धरली.

"अगं, कुनाला मारतीयास? तीच आली आसंल."

"मग सांगा की तिला. सांभाळायचं मी तिलाच कबूल केलंय."

"तूच सांग. माझं ती कवा ऐकत हुती?"

आईने काठी खाली ठेवली. त्यानंतर तिने कावळ्याला हाकललं नाही. मनगटाएवढा झुपका उरला तेव्हा तो उतरवून तिने बहिणीच्या खोलीत, पडद्याच्या दांडीला बांधला आणि खिडकीची काच लावून घेतली. दुसऱ्या दिवसापासून कावळा काचेवर चोच मारू लागला. वडील त्या खोलीत जाईनासे झाले.

बंद खोलीत झुपका आतून काळपट पडू लागला. नर्सरीतल्या माणसाला मी फोन केला. तो म्हणाला, मोकळी हवा मिळाली नाही तर ते सडतं. हे मी आईला सांगितलं.

गेल्या रविवारी मी बावधनहून घरी गेलो. आईने झुपक्यावर पाणी फवारलं, काच पूर्ण सरकवली आणि खुर्ची ओढून खिडकीसमोर बसली. थोड्या वेळाने कावळा आला आणि गजांमध्ये बसला. मी निघालो तेव्हा आई खुर्चीत होती, कावळा गजावर होता आणि झुपका दांडीला होता.