खडा विरघळेपर्यंत

बातमी आली तेव्हा मी वर्गात बोलत होतो. यात विशेष काही नाही, मी नेहमीच बोलत असतो. फोनवर पाटीलबाईंचा मुलगा म्हणाला, "सर, आई गेली," आणि इतक्या वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच मला पुढचं वाक्य सुचेना... बाईंना हे कळतं तर त्यांनी पेढे वाटले असते.

रेवसच्या अलीकडे आमची दोन शिक्षकी शाळा. एका वर्गात मी, शेजारच्या वर्गात बाई. त्यांनी बाकं गोलात मांडलेली, मुलांची तोंडं एकमेकांकडे. इंग्रजीचा नवा शब्द आला की तो फळ्यावर लिहायचा, टेबलावरच्या पत्र्याच्या डब्यातून खडीसाखरेचा एक खडा तोंडात टाकायचा आणि तो विरघळेपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही. तोवर मुलांनी आपापसांत भांडून अर्थ लावायचा. "भाषा कानात ओतून येत नाही हो सर. पोरं एकमेकांशी बोलतात ना, तिथं ती तयार होते," असं त्या म्हणायच्या. मला हा शुद्ध कामचुकारपणा वाटे, आणि तसं मी त्यांना तोंडावर सांगतही असे.

एकदा फळ्यावर 'स्नो' लिहिलेला होता. मी बाहेर खिडकीपाशी उभा. पुस्तकातलं चित्र बघून मिठागरवाल्यांची पोर म्हणाली, "मीठ हाय ते."

"मीठ आभालातून पडतं का गो?"

"मग बर्फ. मासलीच्या पेटीतला."

"तो तर कारखान्यातून येतो. ह्यो वरून पडतोय."

माझा जीव वरखाली. शेवटी खिडकीतून मान आत घालून मी नाटकातल्या राजासारखं जाहीर केलं, "हिम!" वर्ग एकदम गप्प. सगळ्यांनी निमूटपणे वहीत लिहून घेतलं. बाईंनी तोंडातला खडा कडाकडा चावला आणि म्हणाल्या, "म्हात्रे सर, अर्धा शिल्लक होता अजून."

पुढे आम्हाला अलिबागला प्रशिक्षणाला बोलावलं. विषय ज्ञानरचनावाद, म्हणजे बाई जे कधीपासून करत होत्या तेच. आम्हाला रांगेत बसवून एक साहेब दिवसभर पडद्यावरचं वाचून दाखवत होते, की मुलं परस्परांशी बोलून शिकतात. बाईंनी हात वर केला. "साहेब, मग आम्ही केव्हा बोलायचं?" साहेब म्हणाले, "शेवटी पाच मिनिटं ठेवलीत." ती पाच मिनिटं आभारप्रदर्शनात गेली. येताना एसटीत बाई चिडून गप्प होत्या, आणि मी सगळ्या बसला साहेबांची नक्कल करून दाखवत होतो.

निवृत्त होताना त्यांनी डबा माझ्या हातात दिला. "पोरांना बोलू द्या, एवढंच करा." त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. दोन्ही वर्ग माझ्या गळ्यात, अभ्यासक्रम मागे पडलेला. आठवड्याच्या आत मी बाकं सरळ रांगेत लावली आणि डबा कपाटात टाकला. शेवटचा भेटलो तेव्हा बाई दवाखान्यात होत्या, आवाज पार खोल गेलेला. "बाकं गोलातच आहेत ना?" मी म्हणालो, "गोलातच." वर त्या गोलातल्या दोन-तीन गमतीही रचून सांगितल्या. त्या हसल्या... माझ्या बोलघेवडेपणाचा इतका संताप मला कधी आला नव्हता.

बाई गेल्यानंतर, गेल्या सोमवारी बाकं पुन्हा ओढून गोल केली. फळ्यावर 'नेबर' लिहिलं, डबा काढला, खडा तोंडात टाकला. मुलं कुजबुजू लागली. कुणी म्हणालं भाऊ, कुणी म्हणालं पाहुणा. उत्तर माझ्या जिभेवर नाचत होतं. मिनिटभरही झालं नसेल, कडकन आवाज आला. मी खडा चावला होता.

मुलं थांबली. सगळ्यांनी वह्या उघडल्या, पेन्सिली हातात घेतल्या आणि माझ्या तोंडाकडे बघू लागली. फक्त पूर्वी बाईंच्या वर्गात असलेली एक मुलगी उठली. तिने डबा माझ्यासमोर सरकवला.

"सर, दुसरा घ्या. आमचं न्हाय झालं अजून."