एकही पान चुकलं नाही

कचऱ्याचं एक बरं असतं, दोन दिवसांनी का होईना कोणीतरी येऊन उचलून नेतं. किस्से कोणी नेत नाही. आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये ते असेच साचून राहिलेत आणि त्यातले निम्मे आबांचे आहेत.

आबा म्हणजे वनस्पतीशास्त्राचे सर. आमचा कॅम्पस जळगावच्या बाहेर, हायवेला लागून. मी रसायनशास्त्राची. मीटिंगला उशिरा पोचले म्हणून मला कचरा समितीत घातलं! आबांना कोणी घातलं नव्हतं, ते आपणहून आले. निवृत्तीला वर्ष राहिलेलं, आणि त्यांच्या मनात एकच गोष्ट होती: हॉस्टेलमागच्या कोपऱ्यात खताचा खड्डा. संस्थेला नेमकी तिथंच पार्किंगची शेड हवी होती. शेवटी असं ठरलं, की उन्हाळ्यापर्यंत चांगलं खत निघालं तर खड्डा राहील, नाहीतर शेड होईल. आबांनी लगेच मान डोलावली. तेव्हाच आम्ही दोन शब्द बोलून आणखी मुदत मागून घ्यायला हवी होती.

*

डबे तीन आले. ओल्याला हिरवा, सुक्याला निळा, बाकीच्याला काळा. उद्घाटन प्राचार्यांच्या हस्ते. नारळ फुटला, डब्यांना हार पडले, पर्यावरणावर भाषण झालं. भाषण संपल्यावर प्राचार्यांनी हातातला बुके प्लास्टिकसकट हिरव्या डब्यात टाकला आणि टाळ्या पडल्या.

आबा पुढे झाले. डब्यात कोपरापर्यंत हात घालून बुके काढला. प्लास्टिक निळ्यात, फुलं परत हिरव्यात. लाल रिबीन तेवढी हातात राहिली.

प्राचार्य जरा ओशाळून म्हणाले, "आणि ही कुठं जाते?"

"ही नातीला," म्हणत आबांनी ती खिशात घातली.

*

मग कँटीनचे कप. कागदी कपाला आतून प्लास्टिकचा पातळ पापुद्रा असतो, हे आबा मधल्या सुट्टीत काउंटरपाशी उभं राहून दाखवायचे. नखानं तो पापुद्रा सोलायचे आणि पोरांच्या नाकासमोर धरायचे. चहा गार व्हायचा. एक दिवस यावलची एक मुलगी वैतागली.

"सर, मग काय चहा घरून आणू?"

"आण की. माझ्यासाठीपण आण."

दुसऱ्या दिवशी तिनं खरंच थर्मास आणला. परीक्षेपर्यंत रोज आणला. आबांची बिनसाखरेची सवय तिनं ध्यानात ठेवली होती.

*

आमचा शिपाई सुपडू, शिरपूरकडचा, अहिराणी बोलणारा. घंटागाडीत तिन्ही डबे एकाच कप्प्यात रिकामे होतात हे त्यानं पहिल्याच आठवड्यात पाहिलं आणि थेट आबांकडे आला.

"आबा, बठ्ठं एकच गाडीमा जास. मंग तीन डबा कसाले?"

आबा गाडीमागे स्कूटर घेऊन गेले. ड्रायव्हर म्हणाला, "सर, माझ्या गाडीला कप्पाच एक आहे. मी काय करू?" त्याचंही खोटं नव्हतं. आबा परत आले ते ठरवूनच, की ओला कचरा गेटाबाहेर जाऊ द्यायचा नाही. तेव्हापासून हिरवा डबा सुपडू रोज खड्ड्यावर रिकामा करू लागला.

*

केळीच्या मुलखात हिरवा डबा सालींनीच भरणार, हे उघड होतं. पण श्रावणात एक दिवस असा नाही की डबा संध्याकाळी भरलेला सापडला. समितीत कौतुक झालं, की मुलं आता कचराच करत नाहीत! आबांना शंका आली म्हणून ते दुपारी झाडाआड बसले. शेजारच्या वस्तीवरची एक गाय आली, डबा आडवा केला, साली संपवल्या आणि निघून गेली. आबा काठी घेऊन उठले, तर आमच्या हेडक्लार्क चौधरीभाऊंनी त्यांचा हात धरला.

"आबा, उपासाच्या दिवशी गाईला हाकलता? पाप लागेल."

आबांनी काठी ठेवली. खड्डा मात्र महिनाभर उपाशी राहिला.

*

या चौधरीभाऊंची यावलला केळीची बाग. थंडीत स्टाफची भरीत पार्टी ठरली. वांगी बामणोदची, भाजायला कपाशीच्या काड्या, सगळं कसं रीतीनं. पानं आणायचं काम अर्थातच भाऊंचं. पण केळीवाला आपल्या झाडाचं हिरवं पान सहसा कापू देत नाही, घड नीट भरत नाही म्हणतात. भाऊंनी बाजारातून पानं आणली. हुबेहूब केळीची, शिरासकट छापलेली, प्लास्टिकची. भरीत पुढ्यात असताना पानाकडे कोण बघतं?

आबा त्या दिवशी धुळ्याला प्रात्यक्षिक परीक्षेला गेले होते. त्यांच्या माघारी नियम मोडायचा नाही म्हणून आम्ही सगळ्यांनी जेवण झाल्यावर पानं नीट दुमडली आणि रांगेनं हिरव्या डब्यात टाकली. सुपडूनं ती खड्ड्यात नेऊन वर माती ओढली. आबा परतले तसे भाऊच पुढे झाले.

"आबा, आज एकही पान चुकलं नाही. सगळी हिरव्यात."

आबांचे डोळे भरले. "मी असताना हे बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं," म्हणाले.

*

उन्हाळ्यात खड्डा उघडला. संस्थेचे लोक टोप्या घालून उभे. खत झालं होतं हो, काळंभोर, भुसभुशीत, मातीचा वास येणारं. आबांनी दुसरं फावडं मारलं आणि पान वर आलं. मग दुसरं. मग फावड्यागणिक पानं, हिरवीगार, एकेक शीर जागच्या जागी.

संस्थेच्या एका पदाधिकाऱ्यांनी एक पान उचलून झटकलं. "सर, हे तर कालचंच वाटतंय."

आबांनी आमच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं. "दोन महिने द्या," एवढंच म्हणाले, "मी वेचून काढतो." आम्ही सगळे तिथंच होतो. पानं कोणाची हे कोणी बोललं नाही, मीही नाही. जूनमध्ये शेडचा कोबा पडला.

*

आबांचा निरोप समारंभ जेवणासकट झाला. त्या दिवशी चौधरीभाऊ टेम्पो घेऊन आले. आत केळीची पानं, खरी, सकाळी स्वतःच्या बागेतून कापलेली. भाऊंनी पहिलं पान आबांपुढे स्वतः मांडलं आणि पाण्यानं पुसलं. आबा सावकाश जेवले, पान दुमडलं आणि ते हातात घेऊन उभे राहिले. आम्हीही आपापली पानं घेऊन उभे राहिलो. गेटाशी घंटागाडीची गाणी वाजत होती.

आबा शेडमध्ये आपल्या स्कूटरपाशी गेले. सत्काराची शाल तिच्या कव्हरमधून काढली, कव्हर निळ्या डब्यात टाकलं, शाल सीटवर पसरली आणि तिच्यावर आपलं पान ठेवलं. मग चौधरीभाऊंपुढे हात केला. भाऊंनी पान दिलं. नंतर मी दिलं, नंतर बाकीच्यांनी. आबा चारी टोकं जुळवून गाठ मारू लागले, तसा सुपडू कळवळून पुढे आला.

"आबा, हाई शाल शे!"

"माहीत आहे रे," आबा म्हणाले, "तू जरा ही गाठ धर."