कानबाईला दिलेल्या गोळ्या

माणसं देवीला नारळ देतात, खण देतात. मी तिला माझ्या पोराच्या गोळ्या दिल्या. तेव्हा माझं वय बेचाळीस होतं, म्हणजे अक्कल यायला हरकत नव्हती. श्रावणातला सोमवार, कानबाईचं विसर्जन. बायका देवी डोक्यावर घेऊन पांझरेवर निघाल्या आणि मी निर्माल्यात धुळ्याच्या डॉक्टरांनी दिलेल्या महिनाभराच्या गोळ्या बांधून पाण्यात सोडल्या. वर हात जोडून म्हटलं, "माय, याचं दुखणं तू घेऊन जा." केवढी मी हुशार! दुखणं घरी ठेवलं आणि औषध तेवढं नदीला वाहिलं.

पोराचं नाव सुभाष. बाविसाव्या वर्षी तो विहिरीवर कुणी नसताना कुणाशी तरी बोलू लागला. कानात माणसं शिव्या देतात म्हणायचा. मी वाढलेलं ताट हुंगायचा आणि सरकवायचा. डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया असं नाव सांगितलं, ते काही माझ्या जिभेवर बसेना. दोन प्रकारच्या गोळ्या दिल्या, एक त्या आवाजांसाठी आणि दुसरी, पहिलीमुळे हात थरथरू नयेत म्हणून. काही महिन्यांत आवाज विरले, ताट हुंगणं थांबलं. पण पोरगं जड झालं, पाय घासत चालू लागलं. चेहरा हलेना. आजारापूर्वी हा आपल्या आजीची, म्हणजे माझ्या सासूबाईंची, अशी नक्कल करायचा की मी पदर तोंडात कोंबून चुलीमागे लपायचे. मला ते हसणं परत हवं होतं. गोळ्यांनीच ते नेलं, असं माझ्या मनानं घेतलं. डॉक्टरांना विचारायला धुळं काही लांब नव्हतं, पण देवीला विचारलं की ती उलट प्रश्न विचारत नाही, ही मोठी सोय.

पंधरा दिवस बरे गेले. तो एकदा हसलासुद्धा, आणि मी ते गल्लीभर सांगत फिरले. पोळ्यानंतर आवाज परतले. दसऱ्याच्या आधी एका सकाळी तो घरातून गेला, तो गेलाच.

त्याच्या वडिलांनी स्टेशनं, धर्मशाळा पालथ्या घातल्या. गोळ्यांचं मी कुणालाच सांगितलं नाही. गल्लीतून कुणी पाय घासत गेलं की माझा हात पिठात तसाच थांबायचा. त्याच्या अंथरुणाची वळकटी मी दर आठवड्याला उन्हात घालायचे आणि परत बांधून ठेवायचे. आता मला त्याचं हसणंही नको होतं. तो न हसता, दगडासारखा दारात बसला असता तरी चाललं असतं. देवीपुढे उभी राहायचे, पण मागायला तोंड नव्हतं.

असा श्रावण पुन्हा आला. कानबाईच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, आमच्यात घरातल्या माणशी सव्वा मूठ गहू काढतात. ते रोट घरच्यांनीच खायचे आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. मी सुभाषच्या नावाची मूठ भरली, तशा सासूबाई म्हणाल्या, "जो घरमा नही, त्यानी मूठ धरू नही वं. त्याना रोट कोण खाई?"

"मी खासू," म्हणाले आणि मूठ सुपात टाकली. पहिल्यांदा त्यांना उलट बोलले होते, तेही देवीसमोर.

पौर्णिमा दोन दिवसांवर आली. दुपारी दारात एक बाई उभी राहिली, पांढरी साडी, हातात कापडी पिशवी. तिच्या मागे सुभाष होता, दाढी काढलेला, हात थोडे थरथरत होते. मी उठले की नाही, मला आठवत नाही.

ती भुसावळच्या दवाखान्यातली नर्स. उन्हाळ्यात हा तिला स्टेशनवर केळीच्या वॅगनींजवळ बसलेला दिसला. तिच्या भावाला हाच आजार, म्हणून तिनं ओळखलं. तिनं दवाखान्यात नेलं, औषध सुरू झालं. आवाज कमी झाले, तरी गावाचं नाव तो सांगेना. "परवा दवाखान्यावरून कानबाईची मिरवणूक गेली," ती म्हणाली. "तेव्हा हा म्हणाला, घरी आईनं माझी मूठ धरली असेल. मग गावाचं नाव सांगितलं."

सासूबाई आत गेल्या. रोटाचं ताट त्यांनीच आणलं. मी एक रोट त्या बाईपुढेही ठेवला. ती म्हणाली, "अक्का, आम्ही बौद्ध. आणि हे तुमच्या घरच्यांनीच खायचं असतं ना?"

सासूबाई म्हणाल्या, "खाय वं माय. तू काय भाहेरनी शे का?"

सुभाषनं ताट हुंगलं नाही. खाली मान घालून सगळं खाल्लं.

त्याचं पूर्वीचं हसणं पुरतं कधीच परतलं नाही. अजूनही कधी दुपारी चुलीपाशी बसले की मी त्या हसण्याची वाट बघते. पण तो घरात आहे, दोन वेळा जेवतो, रोज गोळी घेतो. देवीवर भार टाकायचा म्हणजे आपण काय टाकतो तेही बघायचं, इतकं मला उशिरा कळलं. त्याची मूठ दरवर्षी भरताना मी तिचे उपकार मानते, आणि भुसावळच्या त्या बाईचेही.

त्या दिवशी तिला एस.टी.पर्यंत सोडायला मी एकटीच गेले. वाटेत तिला, जगात पहिल्यांदा, नदीत सोडलेल्या गोळ्यांचं सांगितलं.  तिनं पिशवीतून गोळ्यांची पुडी काढून माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाली, "कानबाईला काही झालं नव्हतं, अक्का. ज्याला झालंय, त्याला द्या."